माझी भीती गेली नाही
कुणीतरी लिहिलंय, मोठं झालं की लहानपणची भीती आपोआप जाते. माझी भूकंपाची भीती नाही गेली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमारास. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं आमचं गाव, मी सात वर्षांची. आधी मांडणीवरची पितळी भांडी थरथरली, मग छताची, माळवदाची माती डोळ्यांत. आजीने मला ओढतच अंगणात नेलं. आम्ही वाचलो. किल्लारीकडे मात्र दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवरच कोसळल्या. आजही रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि कपाटातला पेला किणकिणला, की मी मुलाला उचलून दाराशी उभी असते. नवरा काही बोलत नाही, फक्त दिवा लावतो. त्याने फार धीर येतो.