'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन'ला मराठीत काय म्हणता? ('सट्टा' सोडून)

पानगळ
आमच्या वाचनगटासाठी दर महिन्याला पानभर टिपण काढायचं काम माझ्या गळ्यात आहे. या वेळी विषय ठरलाय आपल्या उपखंडातल्या लेखकांच्या अलीकडच्या इंग्रजी कादंबऱ्या, पण नेहमीच्या घरगुती वळणाच्या नाहीत. श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकर यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३), लावण्या लक्ष्मीनारायण यांची 'द टेन पर्सेंट थीफ' (आपल्याकडे आधी २०२०मध्ये 'अ‍ॅनालॉग/व्हर्च्युअल' या नावाने आली होती), समित बसूंची 'चोझन स्पिरिट्स' आणि गौतम भाटियांची 'द वॉल'. या शेवटच्या दोन्हीही २०२०च्याच.

इंग्रजीत या सगळ्यांना मिळून स्पेक्युलेटिव्ह फिक्शन म्हणतात. आमच्या गटातल्या एका उत्साही गृहस्थांनी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं आणि निमंत्रण फिरवलं: "नव्या सट्टा कादंबऱ्यांवर चर्चा". दोन आजोबांनी मटक्याच्या ओपन-क्लोजची चौकशी केली.

विज्ञानकथा म्हणावं, तर चंद्रसेकरांच्या नायकाला सावलीच नाही. जन्मल्याबरोबर आईने ती तोडून काढलीय, आणि पाय जमिनीवर टेकून राहावेत यासाठी त्याला सतत लक्ष द्यावं लागतं. यात विज्ञान कुठलं? भुताखेताची गोष्ट म्हणावं, तर त्याच शहरात फोन आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत, आणि ज्यांचं 'अवतारी पुरुष' होणं थोडक्यात हुकलं अशा लोकांचा एकमेकांना धीर द्यायचा गटसुद्धा आहे. एकच शब्द हवाय. सुचवा.

बोरकूट
ओपन-क्लोज! हसून हसून पुरेवाट.

विज्ञानकथा म्हणा आणि मोकळ्या व्हा की. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे हे सगळे याच एका फळीवर मांडलेले असतात. वाचकाला कळल्याशी मतलब.

जुनी पेठ
बोरकूट, फळी एक असली म्हणून जात एक होत नाही. नारळीकरांच्या कथेतून विज्ञान काढून घेतलं तर कथा उरतच नाही, तिथे ते खांबासारखं असतं. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी केली की ज. वि. ना. परीक्षकांनी नावावर न जाता कथेवर जावं म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. त्या परंपरेत बिनसावलीचा पोरगा बसवायचा म्हणजे दोघांवरही अन्याय.

माझी सूचना: शक्यताकथा. किंवा 'संभाव्यिका'. नवा शब्द सुरुवातीला टोचतोच. सावरकरांनी 'दिनांक' आणि 'महापौर' दिले ते आज कोणाला टोचतात?

बोरकूट
आणि 'दूरध्वनी'? तुमच्या घरी कोण म्हणतं "अगं, दूरध्वनी वाजतोय"? सोयीचे शब्द टिकले आणि गैरसोयीचे लेटरहेडवर गेले. 'संभाव्यिका' ऐकून मला प्रसूतिगृहात आल्यासारखं वाटलं, माफ करा काका.

टिपकागद
माझी वहिनी बंगाली आहे. त्यांच्याकडे सरळ 'कल्पविज्ञान' म्हणतात. शब्द अद्रीश बर्धन यांचा, १९६३मध्ये 'आश्चर्य' नावाचं मासिक काढणारे तेच. तिला विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे त्यात सगळं चालतं, यंत्रमानव, परग्रहावरचे पाहुणे, तऱ्हेवाईक प्रोफेसर. शब्द तयार आहे, उचलायचा फक्त. आपण 'उपन्यास' नाही घेतला तेव्हा, हा तरी घेऊ.

पानगळ
टिपकागद, गोड शब्द आहे, पण 'विज्ञान' शेपटासारखं मागे आहेच ना. माझी अडचण तिथेच अडलीय.

कावळाचिमणी
मुळात इंग्रजीत तरी या शब्दाचा अर्थ एक आहे का? अमेरिकन विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइनने १९४७च्या लेखात तो वापरला तेव्हा त्याच्या डोक्यात विज्ञानाला धरून असलेल्या गोष्टीच होत्या, जादूटोणा नाही. कॅनडाची कादंबरीकार मार्गारेट अ‍ॅटवुड म्हणते, खरोखर घडू शकेल ते स्पेक्युलेटिव्ह. उडत्या तबकड्या वगैरे दुसऱ्या दुकानात. यावर २००९मध्ये अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विनने अ‍ॅटवुडच्या कादंबरीचं परीक्षण लिहिताना चांगलंच टोचलं: बाई ही व्याख्या अशी बेतून करतात की प्रतिष्ठित साहित्याच्या पंगतीतून आपलं पान कोणी उचलू नये. आता मात्र परी, भुतं, रोबो, पर्यायी इतिहास सगळ्यांवर एकच छत्री धरलीय. तेव्हा पानगळताई, आधी ठरवा, कोणाच्या अर्थाचं भाषांतर हवंय?

पानगळ
छत्रीचं.

जुनी पेठ
जाता जाता, धातू बघा. लॅटिनमध्ये 'स्पेक्युला' म्हणजे टेहळणीचा बुरूज. स्पेक्युलेट करणं म्हणजे बुरुजावरून लांबवर नजर टाकणं, मग मनाशी आडाखे बांधणं, आणि शेवटी शेअरबाजार. आपला 'पश्यति' त्याच कुळातला. संस्कृतात 'स्पश' म्हणजे हेर. माघ कवीने 'शिशुपालवध' या काव्यात राजनीती आणि व्याकरण यांवर जो प्रसिद्ध श्लेष केलाय तो याच शब्दावर.

बोरकूट
म्हणजे 'टेहळणीकथा'? वाचकाला वाटेल बहिर्जी नाईकांवर आहे.

अवांतरकर
अटकळकथा. तर्ककथा. तर्कटकथा. (तिसरा समीक्षकांसाठी राखीव.)

रावपुरा
बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडे गुजरातीत कादंबरीलाच 'नवलकथा' म्हणतात. पहिली म्हणून नंदशंकर मेहतांच्या 'करणघेलो'चं (१८६६) नाव घेतात. शाळेत दोन्ही भाषा शिकताना मला कायम वाटायचं, काय छान शब्द मराठीने वाया घालवलाय! नवल म्हणजे आपल्याकडे आश्चर्य. तेव्हा कादंबरी ती कादंबरी राहू दे, आणि जिच्यात नवल घडतं ती नवलकथा. शिवाय अनंत अंतरकरांचं 'नवल' मासिक होतंच. आमच्या काकांनी त्याचे अंक पुठ्ठ्यात बांधून कपाटावर ठेवले होते आणि दहावी होईपर्यंत आम्हा मुलांना हात लावायची बंदी होती, अर्थात त्यामुळेच सगळे वाचून झाले. भूत, गूढ, अंतराळ, सगळं एकाच अंकात. तिथे कोणी विचारत नव्हतं ही कुठल्या प्रकारातली गोष्ट म्हणून.

इंग्रजी 'नॉव्हेल'वरूनच हा शब्द घडवलाय असं आमचे सर सांगायचे.

जुनी पेठ
सरांना दंडवत, पण 'नवल' ज्ञानेश्वरीत पानोपानी आहे. ज्ञानोबांच्या काळी कुठली आली नॉव्हेल?

रावपुरा
शब्द जुना आहे हे मान्यच. 'नवलकथा' हा जोड नवा आहे आणि तो नॉव्हेलच्या कानाला धरून केलाय, एवढंच म्हणणं होतं.

टिपकागद
नवलकथेला माझंही मत. फक्त 'द टेन पर्सेंट थीफ'ला ते शोभेल का? बंगळुरू शहर एका कंपनीच्या ताब्यात गेलंय, नाव बदलून 'एपेक्स सिटी' झालंय. माणसांची प्रतवारी शाळेतल्या निकालासारखी: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, आणि तळाचे दहा टक्के ज्यांना वीज-इंटरनेटच्या जगातून बाहेर काढलंय. वाचताना मला नवल अजिबात वाटलं नाही. आमच्या कचेरीत वर्षअखेरीला मूल्यमापनाचा असाच घंटेसारखा आलेख काढतात. पुस्तकात तळाच्यांना पडद्याच्या पलीकडे टाकतात, आमच्याकडे मीटिंगला बोलावणं बंद होतं. याला नवलकथा म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

बोरकूट
मग 'मूल्यमापनकथा'.

(बादवे, हे पुस्तक २०२४मध्ये आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. म्हणजे तो पुरस्कार देणारे त्याला विज्ञानकथाच समजतात. मुद्दा नोंदवून ठेवतो.)

तिरफळ
आमच्या गोंयात हा घोळ वेगळाच. आजी देवचाराच्या, म्हणजे गावाच्या राखणदार भुताच्या, गोष्टी सांगायची. रात्री शेतातून येताना चुकलेल्या माणसाला खांद्यावर घोंगडी आणि हातात दांडा घेतलेला कोणी वाट दाखवतो, घराच्या कोपऱ्यावर आला की दिसेनासा होतो. त्याला वर्षातून एकदा रोट आणि सोरो (दारू) ठेवायचा. घरातल्या एका शहाण्याने तिला विचारलं, हे खरं का कल्पित? तिने उत्तरच दिलं नाही, रोट भाजायला गेली. आता हेच मी कादंबरीत लिहिलं तर पुण्यामुंबईचा समीक्षक 'अद्भुत' म्हणणार. आजीसाठी तो शेजारी होता. 'कल्पित', 'अद्भुत', 'नवल' या सगळ्या शब्दांत हे घडत नाही असं कोणीतरी आधीच ठरवून टाकलंय. त्यापेक्षा मला अटकळ बरी वाटते, अटकळ खरीही निघू शकते.

कावळाचिमणी
+१. तिरफळ, चंद्रसेकरांचं पुस्तक वाचाच मग. त्यात उजळ रंगांची दारं आहेत, पलीकडून उघडत नाहीत आणि अलीकडूनही नाहीत, आणि त्यांचं करायचं काय यासाठी सरकारी खातं आहे. कोणी दचकत नाही. विज्ञानकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळालाय त्याला.

पण मला वेगळंच विचारायचंय. याचं मराठी भाषांतर झालं तर नावांचं काय करायचं? नायकाचं नाव 'फेटर', म्हणजे बेडी, बंधन. आईचं नाव 'मदर-ऑफ-ग्लोरी'. बाप घर सोडून गेलेला, आता मोठा धर्मसंस्थापक, त्याला 'द परफेक्ट अँड काइंड' म्हणतात. आई मुलाला वाढवते ती बापाचा खून करायला. माझ्या मैत्रिणीने दोन पानांत ओळखलं. बौद्ध घरातली आहे, लहानपणापासून वंदना पाठ. म्हणाली, अगं हा बुद्धाचा मुलगा राहुल आहे, आणि ती यशोधरा.

पानगळ
अरे देवा. यश धारण करणारी! मी आख्खं पुस्तक वाचलं आणि माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी इंग्रजीत वाचत होते. तुमच्या मैत्रिणीला आमच्या गटात पाठवा.

जुनी पेठ
पुत्रजन्माची बातमी ऐकून सिद्धार्थ "राहु जन्मला, बंधन जन्मलं" असं म्हणाला, ही कथा जातकाच्या निदानकथेत, म्हणजे प्रस्तावनेत, आहे. पण व्युत्पत्ती पाहिली तर राहुल हा राहूवरून, म्हणजे ग्रहणाशी नातं. 'फेटर' हे अर्धंच भाषांतर झालं.

कावळाचिमणी
कथेत दोन्ही शब्द शेजारी आहेत, लेखकाने दुसरा उचलला. मराठीत 'राहुल' ठेवलं तर पहिल्याच ओळीला गुपित फुटतं. 'बंधन' ठेवलं तर हिंदी सिनेमा वाटतो. 'बेडी' ठेवलं तर मुलगी वाटते.

तिरफळ
आणखी एक गंमत. आमच्या साखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी. त्यांनी 'भगवान बुद्ध'मध्ये म्हातारा, रोगी, प्रेत हा सगळा चमत्कारिक भाग बाजूला सारला आणि गृहत्यागाचं कारण शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या भांडणात शोधलं. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये त्या नदीचंच कारण मांडलंय. म्हणजे आपल्याकडे शंभर वर्षं चमत्कार काढून माणूस दाखवायचं काम चाललं, आणि इथे श्रीलंकेतला लेखक चमत्कार परत घालून सत्तेवर बोट ठेवतो. त्यांच्याकडे धर्म सत्तेच्या शेजारी बसलाय, त्यामुळे त्याचा रोख वेगळा. मराठीत हे पुस्तक आलं तर इथला वाचक चिडेल का हसेल सांगता येत नाही.

टिपकागद
चिडायच्या आधी वाचला पाहिजे ना. साडेतीनशे पानांचं भाषांतर छापायला प्रकाशक कुठून आणणार?

अवांतरकर
प्रकाशक विचारेल, फळी कुठली?

पानगळ
मंडळी, मला उद्या दुपारपर्यंत पान छापायला द्यायचंय. नवलकथा, शक्यताकथा, अटकळकथा, कल्पविज्ञान. हात वर करा.

बोरकूट
'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' असंच देवनागरीत लिहा. टेबल, स्टेशन चालतं तर हेही चालेल.

जुनी पेठ
टेबलाला पाय असतात म्हणून चाललं. 'स्पेक्युलेटिव्ह' उच्चारताना माझी कवळी हलते.

रावपुरा
नवलकथा. पण गुजरातला पाठवू नका, तिथे सगळ्याच कादंबऱ्या नवलकथा.

कावळाचिमणी
पानगळताई, टिपणात त्या पोराच्या सावलीबद्दल लिहिताना 'छाया' लिहू नका हं. छाया म्हणजे आश्रय पण होतो, 'आईची छाया' वगैरे. इथे आईच ती तोडतेय.

जुनी पेठ
उलट त्यासाठीच 'छाया' हवं! श्लेष फुकट मिळतोय. शिवाय पुराणात छाया ही सूर्याची बायको, संज्ञेने आपल्या जागी ठेवलेली प्रतिमा. तुटून वेगळी झालेली सावली म्हणजे तीच.

टिपकागद
आमच्या वऱ्हाडात 'साऊली'. 'छाया' म्हणजे शेजारची काकू.

तिरफळ
आमच्यात 'सावळी'. झाडाची सावळी आणि माणसाची सावळी, दोन्ही तीच. 'पडछाया' चालेल का?

अवांतरकर
सावली हा चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका आहे. माहितीसाठी.

जुनी पेठ
'पडछाया' नको, त्यात 'पड' म्हणजे प्रति. प्रतिच्छायेवरून आलाय. म्हणजे ती मूळ नव्हे, नक्कल. या पोराची तर मूळचीच गेलीय.

तिरफळ
काका, 'पड' प्रतिवरून कशावरून? 'पडसाद'मध्ये ठीक, पण 'पडवी'मध्ये? 'पडजीभ'? सगळीकडे प्रतिच लावणार का?

जुनी पेठ
पडजिभेला नक्कीच, प्रतिजिव्हा. पडवीचं संध्याकाळी सांगतो, कोश माळ्यावर आहे.