घराला चोरीचा अलार्म बसवायचाय, वायरचा घ्यावा का वायरलेस? (औसा तालुका, घरी आईवडील दोघंच)

औसेकर_पुण्यात
नमस्कार मंडळी, मी पुण्यात नोकरीला आहे आणि गाव औसा तालुक्यात किल्लारीच्या बाजूला. घरी अण्णा आणि आई दोघंच असतात. घर म्हणजे ९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेल्या दोन खोल्या, मागं पत्र्याची एक मोठी खोली आणि आता पुढं दोन नव्या खोल्या काढायलोय, स्लॅब पडलाय पण प्लास्टर अजून व्हायचंय, दहा-बारा दिवसात गवंडी सुरू करणार.

झालं असं की एप्रिलमधे आमच्या गल्लीत चोरी झाली. उकाड्यामुळं सगळं घर गच्चीवर झोपलेलं, वर टेबल फॅन चालू, खाली कोयंडा तुटला तरी कुणाला काही ऐकू आलं नाही, सकाळी खाली आल्यावर कळलं. आमचे अण्णा-आई पण मार्च ते जून वरच झोपतात. पत्र्याच्या खोलीत भाव येईल म्हणून ठेवलेले सोयाबीनचे ४० कट्टे आहेत, आणि आईच्या अंगावरचं सोडून बाकीचं कपाटात. तेव्हापासून मला इथं रात्री झोप नाही.

लातूरला दोन दुकानात विचारलं. एक म्हणतो वायरचाच घ्या, वायरलेस म्हणजे खेळणं. दुसरा म्हणतो आता वायर कोण टाकतं, वायरलेस घ्या अर्ध्या दिवसात बसवून देतो. दोघांना विकायचंय, म्हणून ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

परभणीचा_वायरमन
राम राम भाऊ. १४ वर्षं हेच काम करायलो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमचं प्लास्टर बाकी आहे ना, मग नव्या खोल्यात आजच पाइप टाकून घ्या, अलार्म पुढच्या वर्षी घेतला तरी चालंल पण पाइप आत्ताच. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायची म्हणजे दुप्पट खर्च आणि घर विद्रूप. लाइटच्या पाइपमधून अलार्मची वायर अजिबात ओढू देऊ नका, वेगळा पाइप घ्या, दोन्ही पाइप शेजारीशेजारी लांब चालवू नका नाहीतर कुठंतरी मोटार चालू झाली की पॅनलला (म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला) उगाच सिग्नल जातो. पाइपमधे एक रिकामी तार ओढून ठेवा, उद्या उंदरानं वायर कुरतडली तर नवी ओढता येते. आणि भिंतीच्या आत जॉइंट नको म्हणजे नको, दहातल्या आठ तक्रारी मला जॉइंटच्याच येतात.

वायरचा अलार्म काम कसा करतो तर दाराला चुंबक आणि चौकटीला सेन्सर असतो, दार बंद असताना चुंबकामुळं सर्किट जोडलेलं राहतं, दार उघडलं की तुटतं आणि भोंगा. म्हणजे चोरानं वायर कापली तरी सर्किट तुटतंच, भोंगा वाजतोच. वायर शॉर्ट करून कुणी फसवू नये म्हणून शेवटच्या टोकाला सेन्सरच्या आतच एक छोटा रेझिस्टर लावायचा असतो. बरेच मिस्त्री तो पॅनलमधेच लावून मोकळे होतात, तिथं त्याचा शून्य उपयोग. काम चालू असताना उभं राहून बघा.

आता लाइटचं. लोकांना वाटतं वायरलेस म्हणजे लाइट गेली तरी चालतंय. सेन्सर सेलवर चालतात हे खरं, पण मुख्य पॅनल तर प्लगलाच असतं आणि त्यात बॅटरी बारकी असते. वायरच्या पॅनलमधे १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बसते, सेन्सर कमी असले तर दीड-दोन दिवस ओढती. पण गावात डीपी जळाली की आठ-आठ दिवस अंधार, तेव्हा कुठलाच टिकत नाही, म्हणून पॅनल इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. आणि ती बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात तिथं पन्नाशीच्या जवळ जातंय, चार वर्षं टिकणारी बॅटरी दीड वर्षात फुगते.

माझं मत वायर.

गेवराईची_ताई
वायरमन भाऊंचं बरोबर आहे पण ज्यांचं घर आधीच बांधून झालंय त्यांनी काय करायचं? आमच्या घराला फरशी, रंग सगळं झालेलं, मी वायरलेसच घेतला, तीन वर्षं झाली. दोन दारं, एक जिना, हॉलमधे एक हालचाल ओळखणारा सेन्सर, भोंगा आणि तीन रिमोट. दुपारी जेवण होईपर्यंत बसवून झालं.

पहिला उन्हाळा मात्र फार त्रास झाला. रात्री दोनला भोंगा, गल्ली गोळा, आणि निघाली पाल! सेन्सरच्या काचेवरूनच फिरायची. असं चार वेळा झाल्यावर सासूबाईंनी अलार्म लावणंच बंद केलं, आणि मला वाटतं अलार्मचं सगळ्यात मोठं नुकसान तेच, एकदा माणसाचा विश्वास उडाला की तो भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. मग तो सेन्सर ट्यूबलाइटपासून लांब हलवला (लाइटला किडे येतात, किड्यांमागं पाल येते), कूलरच्या समोरून काढला, खिडकीतून ऊन पडायचं तिथून काढला. तेव्हापासून शांत आहे.

दुसरं म्हणजे सेल. आमच्या सेन्सरचा सेल उतरला की त्याच्यावरच बारीक लाल दिवा लुकलुकतो, पॅनलला काही कळत नाही. मागच्या दाराचा असाच कितीतरी दिवस मेलेला होता, आम्ही निवांत. आता दसऱ्याला घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतो त्याच दिवशी सगळ्या सेन्सरचे सेल बदलते, उतरले असोत नसोत, आणि मार्करनं तारीख टाकते. तुम्ही पुण्यात, आईवडील गावात, तर सेल कोण बदलणार हे आधी ठरवा आणि मग वायरलेस घ्या.

आणि आकडे दाबायचं कीपॅड म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. माझ्या सासूबाई ७४ च्या, अंधारात चष्मा शोधून आकडे दाबेपर्यंत भोंगा सुरू व्हायचा, त्या इतक्या घाबरायच्या की हात थरथरायचे. रिमोट दिला, गळ्यातल्या दोऱ्यात असतो, लाल बटण दाबलं की थेट भोंगा. त्यांना चोरापेक्षा पडायची भीती जास्त, त्याला पण तेच बटण कामाला येतं.

नांदेड_७७
एकच सांगतो, पॅनलमधे सिम टाकताना बघा. स्वस्त पॅनल बरेचसे टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नाहीच, सिम टाकलं तर फोन लागणारच नाही. फोरजी पॅनल घ्या. आणि रिचार्ज संपलं तर फक्त भोंगा वाजतो, तुम्हाला पुण्यात फोन येत नाही, तारीख लक्षात ठेवा.

जालना_शटर
वायरमन दादा, तुमच्याशी एका जागी सहमत नाही. माझ्या दुकानापासून मागच्या गोदामापर्यंत अंगणातून साधारण २०० फूट वायर टाकली होती. दोन वर्षं मस्त चालली. जूनच्या पहिल्या वादळात समोरच्या लिंबावर वीज पडली, वायरवर थेट नाही, पण तेवढ्या लांब वायरीत झटका आला आणि पॅनल जळून गेलं. आपल्याकडं मृगाच्या आगंमागं विजा किती पडतात सगळ्यांना माहितीय. तेव्हापासून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत वायर न्यायची नाही असं मी ठरवलंय, गोदामाला वायरलेस लावलं, दुकानात वायर तशीच ठेवली.

वायरलेसमधे पण एकसारखं नसतं. स्वस्तातले सेन्सर फक्त बोलतात, ऐकत नाहीत, दार उघडलं की एकदा कोड फेकायचा आणि गप्प. त्यांच्या रिमोटचा कोड पण दरवेळी तोच, म्हणजे कुणी तो पकडून परत वाजवला तर रिमोटनं बंद केल्यासारखंच. जरा चांगल्यात कोड दरवेळी बदलतो, आणि सेन्सर थोड्या थोड्या वेळानं "मी जिवंत आहे" असं पॅनलला सांगत राहतो, नाही सांगितलं तर पॅनल ओरडतं. दुकानदाराला हे दोन प्रश्न विचारा, तो गडबडला तर दुसरं दुकान बघा. जॅमर लावून सिग्नल अडवायचं म्हणाल तर गावातला भुरटा चोर तेवढं करत नाही, पण सेन्सर नियमित हजेरी देणारा असला तर ते पण पॅनलच्या लक्षात येतं.

औसेकर_पुण्यात
सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, एवढं मला दोन्ही दुकानात मिळून कुणी सांगितलं नव्हतं. आता अडचण अशी की नव्या खोल्यात पाइप जाईल, पण पुनर्वसनाच्या खोल्या फोडायला अण्णा तयार नाहीत. भूकंपात जुन्या माळवदाच्या घरात त्यांनी जवळची माणसं गमावलीत, त्यांना त्या खोल्यांच्या भिंतीला साधा खिळा मारला तरी सहन होत नाही. आणि गोठा घरापासून दीडशे फुटावर. दोन्ही मिसळून घेता येतं का? आणि पत्र्याच्या खोलीत हालचालवाला सेन्सर चालतो का?

परभणीचा_वायरमन
जालन्याच्या भावाचं मान्य, गोठ्याला वायर नको. आणि अण्णांच्या भिंतीला हात लावू नका, काही गरज नाही.

मिसळून घेता येतं, तसं पॅनल मिळतं, त्याला काही झोन (म्हणजे एकेका जागेची वेगळी लाइन) वायरचे आणि काही वायरलेस. नव्या दोन खोल्या, पुढचं दार आणि भोंगा वायरवर. जुन्या खोल्या आणि गोठा वायरलेस. जुन्या खोल्यात सेन्सर चौकटीलाच दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं बसतो, भिंतीला भोक लागत नाही. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि फट बदलते, तेव्हा चुंबक नि सेन्सर जितके जवळ येतील तितके जवळ लावा.

पत्र्याच्या खोलीत हालचालवाला नको. तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक बघतो, मे महिन्यात खोलीच अंगाएवढी तापलेली असती, फरकच उरत नाही, माणूस समोरून गेला तरी ओळखायचा नाही. वरून कट्ट्यावर उंदीर फिरणार. तिथं दाराला मोठा, लोखंडी दारासाठीचा चुंबकवाला सेन्सर लावा, साधा छोटा लोखंडावर नीट चालत नाही. खोली नव्या खोल्यांना लागून असंल तर तिथं पण वायरच न्या, पत्र्यातून सिग्नल जाताना फार कमजोर होतो. खोक्यावर १०० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या रानातलं. गोठ्याचा सेन्सर आधी नुसता टेपनं चिकटवून आठ दिवस रोज दार उघडून बघा, मगच पक्का करा.

अर्थिंग विसरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळती, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच राहतं. एप्रिल-मेमधे दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

गेवराईची_ताई
गच्चीचं राहिलंच की! पॅनलमधे दोन पद्धती असतात, एक सगळं चालू आणि एक फक्त दारं चालू. वर झोपताना खाली कुणीच नसतं तेव्हा सगळं चालू करून वर जायचं, रिमोट उशाला. एक छोटा भोंगा जिन्याच्या वरच्या तोंडाशी लावा, खालचा पंख्याच्या आवाजात ऐकू येईलच असं नाही. पहाटे पाण्याला उठून आई खाली येणार, तेव्हा आधी बंद करायचं हे त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत तुम्ही चार दिवस तिथं राहा, फोनवरून शिकवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोंगा वाजला तर अण्णांनी खाली उतरायचं नाही. हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आमच्याकडं ठरलंय, वरूनच लाइट लावायची, आरडाओरडा करायचा, ११२ ला फोन करायचा. शेजारच्या चार घरांना दिवसा एकदा भोंगा वाजवून दाखवा म्हणजे आवाज कुठला ते ओळखतील. ग्राम सुरक्षा यंत्रणा तुमच्या गावात सुरू आहे का ते पोलीस पाटलांना विचारा, असली तर एका फोनवर गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाइलवर निरोप जातो, आईअण्णांचे आणि शेजाऱ्यांचे नंबर त्यात आहेत का बघा.

औसेकर_पुण्यात
ताई, अण्णा खाली उतरणारच, मला माहितीय, काठी घेऊन उतरतील. आईला सांगतो, तिचं ऐकतात. शनिवारी जायलोय गावाकडं, गवंड्याला थांबवलंय, पाइप आधी. वायरमन दादा, पत्र्याच्या खोलीची भिंत नव्या खोलीला लागूनच आहे, फोटो टाकतो, पाइप कुठून न्यायचा तेवढं सांगा.