नव्या वस्तीत ‘आपले’ उपाहारगृह कसे ठरते?

प्रश्न

बदलीमुळे मी चार महिन्यांपूर्वी एका अनोळखी शहरात राहायला आलो. घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत उपाहारगृहे, कॅफे आणि बार मिळून वीसेक ठिकाणे आहेत. मोबाइलवरची तारांकने पाहून मी त्यांपैकी अकरा ठिकाणी एकेकदा जाऊन आलो. कोठेही वाईट जेवलो नाही, तरीही यांतील एकाही ठिकाणी पुन्हा जावे अशी ओढ लागली नाही. पूर्वीच्या शहरात मात्र असे एक ठिकाण होते, जेथे मी आठ वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी जात असे. तेथील स्वयंपाकात असामान्य असे काही नव्हते, पण दारातून आत पाऊल टाकताच दिवसभराचा शीण उतरत असे.

मला सर्वोत्तम ठिकाणांची यादी नको आहे. ज्यांचे आपल्या वस्तीत असे हक्काचे ठिकाण आहे, त्यांनी ते कसे निवडले, कोणत्या खुणा पाहिल्या आणि ते आपले वाटू लागायला किती काळ लागला, हे कृपया सांगावे. आणखी एक शंका अशी की, मी मद्य घेत नाही. कोपऱ्यावरच्या बारमध्ये संध्याकाळी चांगल्या गप्पा रंगलेल्या बाहेरून दिसतात. तेथे मी नियमित जाऊन बसलो तर ते योग्य दिसेल का?

पहिले उत्तर : एकाच वस्तीत बावीस वर्षे राहिलेली रहिवासी

तुम्ही अकरा ठिकाणी एकेकदा गेलात, त्याऐवजी एकाच ठिकाणी अकरा वेळा गेला असता तर कदाचित हा प्रश्न विचारावा लागला नसता. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही, कारण नवीन जागी आल्यावर मीही अगदी हेच केले होते. पहिल्या भेटीत आपल्याला फक्त जेवण आणि बैठक कळते. पण तुम्हाला हवे आहे ते म्हणजे आपले येणे तेथे कोणाच्या तरी लक्षात असणे, आणि ते पहिल्या भेटीत कोणतेही ठिकाण देऊ शकत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटले आहे. घर ही पहिली, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जेथे कोणी कोणाचा यजमान नसतो व ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा येता-जाता येते ती तिसरी. त्यांनी सांगितलेल्या लक्षणांपैकी दोन मला फार मोलाची वाटतात. एक म्हणजे अशी जागा दिसायला साधी असते, आणि दुसरे म्हणजे तिचा स्वभाव मालकापेक्षाही तेथे नेहमी येणारी माणसे ठरवतात. तारांकनांतून नेमक्या याच दोन गोष्टी कळत नाहीत, कारण तारे देणारा बहुधा एकदाच आलेला असतो आणि रोज येणाऱ्याला तारे देण्याचे सुचतही नाही. त्या ताऱ्यांचा व्यवसायावर परिणाम होतो हे मात्र खरे. अर्थशास्त्रज्ञ मायकेल लुका यांनी २०११ मध्ये सिअॅटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हा एका ताऱ्याच्या वाढीने उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढत असल्याचे आणि हा परिणाम साखळीत नसलेल्या स्वतंत्र उपाहारगृहांवरच होत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे अनोळखी गिऱ्हाईक आणण्यासाठी तारे उपयोगी पडतात, पण तुम्हाला तर अनोळखी राहायचे नाही.

माझे स्वतःचे ठिकाण मी चवीवरून नव्हे, तर वाटेवरून निवडले. स्थानकावरून घरी येताना ज्या दारावरून मी रोज जाते, तेच. ज्यासाठी वाट वाकडी करावी लागते, ते ठिकाण कितीही चांगले असले तरी पावसात, थकव्यात किंवा कंटाळ्यात मागे पडते. मी मंगळवारी आणि शुक्रवारी एकाच वेळी जात राहिले. वेळ पाळणे महत्त्वाचे, कारण वाढणारी माणसे पाळीनुसार बदलतात आणि तुम्ही कधीही गेलात तर प्रत्येकासाठी नवखेच राहता. साधारण सहाव्या आठवड्यात वाढणाऱ्या बाईंनी मला न विचारता खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली. तो दिवस मला अजून आठवतो.

दुसरे उत्तर : उपाहारगृहांच्या अंतर्गत रचनेचे काम करणारा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु काही जागा अशा असतात की तेथे पन्नास वेळा गेलात तरी नाते जुळणार नाही, आणि त्याचे कारण माणसांत नसून भिंतींत असते. मी प्रथम आवाज पाहतो. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. खोलीतला गोंगाट त्याच्या वर गेला की प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो, त्यामुळे गोंगाट आणखी वाढतो आणि मग सगळेच ओरडू लागतात. फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये ही प्रवृत्ती नोंदवली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उघडे छत आणि कापडाचा मागमूस नसलेली बैठक एकत्र आली की हा प्रकार हमखास घडतो. अशी खोली छायाचित्रात देखणी दिसते, म्हणून ती हल्ली सर्वत्र आढळते, आणि मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते. कारण ज्या खोलीत शेजारच्या मेजावरचे एखादे वाक्य सहज कानावर पडत नाही, तेथे अनोळखी माणसाशी बोलण्याचा प्रसंगच येत नाही.

दुसरी खूण म्हणजे एकट्याने बसण्याची सोय. काउंटरला लागून काही उंच खुर्च्या असतील आणि तेथून आत काम करणारी माणसे दिसत असतील, तर एकटे येणे अवघड वाटत नाही. हात कामात असलेल्या माणसाशी बोलणे सोपे असते, कारण मध्येच गप्प झाले तरी दोघांनाही संकोच होत नाही. बारच्या बाबतीत तुम्ही विचारलेल्या शंकेचे उत्तरही मला येथेच दिसते. काउंटरवर बसा आणि मद्यविरहित पेय मागवा. बारमध्ये बसण्याच्या जागेचे मोल पेयातून वसूल होते, म्हणून काहीही न मागवता तासभर बसणे तेवढे टाळावे. ग्लासात काय आहे याकडे गप्पा मारणारी माणसे लक्ष देत नाहीत.

तिसरे उत्तर : पूर्वी एक लहान उपाहारगृह चालवलेला

मी नऊ वर्षे गल्ल्यावर बसलो आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासाठी केवळ ओळखीचा चेहरा नव्हे, तर सोमवारी किती सामान आणायचे याचा अंदाज असतो. जागेचे भाडे, पगार आणि वीज हे खर्च खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चालूच राहतात. शनिवारच्या गर्दीत आलेले शंभर अनोळखी लोक मंगळवारच्या रिकाम्या संध्याकाळची भरपाई करू शकत नाहीत, कारण शनिवारी खुर्च्या तेवढ्याच असतात. म्हणून आमचे ठिकाण तुम्हाला आपले करायचे असेल, तर आडवारी आणि आडवेळी या. तेव्हा आम्हाला बोलायला सवड असते आणि तुमचे येणे आमच्या खरोखर लक्षात राहते.

निवडताना एक गोष्ट अवश्य पाहा. तीन-चार महिन्यांत तीच माणसे टिकून आहेत का? जेथे आचारी आणि वाढणारे सतत बदलतात, तेथे तुमची ओळख दर वेळी पुसली जाते. दुसरे असे की, नुकत्याच उघडलेल्या ठिकाणावर एकदम जीव लावू नका. अमेरिकेतील कोलंबस शहरात १९९६ ते १९९९ या काळात केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षात सुमारे चौथा हिस्सा आणि तीन वर्षांत निम्म्याहून अधिक उपाहारगृहे बंद पडली किंवा हस्तांतरित झाली, असे आढळले. दहांतली नऊ पहिल्याच वर्षी बुडतात, हे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही, पण धोका लहानही नाही.

माझे ठिकाण कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी मालकाने भाडे जवळपास दुप्पट केल्यामुळे बंद झाले, जेवणाऱ्यांच्या अभावामुळे नव्हे. काही शहरांनी हे ओळखले आहे. ब्युनोस आयर्सने १९९८ च्या कायद्याने आपल्या जुन्या, उल्लेखनीय बार आणि कॅफेंची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१५ मध्ये दीर्घकाळ चालत आलेल्या व्यवसायांसाठी मदतनिधीला मान्यता दिली. इंग्लंडमध्ये २०११ च्या एका कायद्यामुळे वस्तीतील लोकांना आपल्या पबची नोंद ‘समाजाच्या मोलाची मालमत्ता’ म्हणून करवून घेता येते. मग मालकाने तो विकायला काढल्यास लोकांना खरेदीचा प्रस्ताव मांडण्यासाठी सहा महिन्यांचा अवधी मागता येतो. आमच्या वेळी असे काही असते, तर मी आजही गल्ल्यावर असतो असे मला वाटते.

चौथे उत्तर : रोज कॅफेत बसून लेखन करणारी

एक वेगळी बाजू नोंदवते. सर्वांनाच ओळख हवी असते असे नाही. मी गेली पाच वर्षे एकाच कॅफेत बसते, आणि तेथे मला कोणी नावाने हाक मारत नाही हेच मला तेथे नेणारे कारण आहे. एकट्या बाईला कोणीही येऊन प्रश्न विचारू नयेत, तिच्या कपाकडे आणि घड्याळाकडे कोणी पाहू नये, ही सुद्धा मोठी आपुलकी आहे. तेव्हा ठिकाण निवडण्यापूर्वी आपल्याला गप्पा हव्या आहेत की माणसांच्या सोबतीतला निवांतपणा, हे स्वतःला विचारून पाहावे. तुम्ही गुरुवारच्या त्या जागेविषयी जे लिहिले आहे, त्यात शीण उतरण्याचा उल्लेख आहे, पण कोणाशी बोलल्याचा नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

शेवटचे वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबलो. खरे आहे, तेथे मी फारसा बोलत नसे. काउंटरच्या टोकाला बसून इतरांचे बोलणे ऐकत असे. म्हणून बारचा विचार बाजूला ठेवून, कार्यालयातून परतण्याच्या वाटेवर जे लहान उपाहारगृह आहे, जेथे मी एकदा जाऊन ‘ठीक’ एवढाच शेरा मनात नोंदवला होता, तेथे पुढील दोन महिने दर गुरुवारी जाण्याचे ठरवले आहे. गल्ल्यावर बसलेल्यांना एक विचारतो : संध्याकाळची आडवेळ नेमकी कोणती समजावी?

तिसरे उत्तर देणाऱ्याचे प्रत्युत्तर

रात्रीच्या जेवणाची गर्दी सुरू होण्याच्या तासभर आधी. तेव्हा आतली तयारी झालेली असते, मेजे पुसून झालेली असतात आणि आम्ही दाराकडे पाहत उभे असतो.