पॅलिओ करायचं तर पूर्ण करा, नाहीतर नाव घेऊ नका

गुहेतला पाहुणा (धागाकर्ता)

ओळखीत सध्या जो तो पॅलिओवर, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खाण्याच्या आहारावर आहे. नियम तसे सरळ. धान्य, डाळी-कडधान्यं, दूध-दुभतं, साखर आणि कारखान्यातून पाकिटबंद होऊन येणारं खाणं बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंदमुळं, सुकामेवा चालू. पण जरा खोदून विचारलं की हळूच कळतं, शनिवार-रविवार सुट्टी असते, प्रवासात चालतं, पाहुणे आले की चालतं, आणि चहात दूध तर 'एवढंसंच' असतं. मग राहिलं काय?

गंमत म्हणजे या पळवाटेला आधार पॅलिओवाल्यांनीच दिला. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, तेव्हा हा विषय संशोधकांपुरता होता. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांनी पुस्तक काढून तो घरोघरी नेला आणि सोबत ८५-१५ चं गणित दिलं. आठवड्यात साधारण वीस जेवणं, त्यातली तीन मोकळी. ही सुरुवातीची पायरी होती, पुढे दोन आणि मग एकच मोकळं जेवण अशी चढण होती. लोकांनी पहिली पायरी गाठली आणि तिथंच बिऱ्हाड थाटलं.

माझं मत स्पष्ट आहे. एकदा ठरवलं की शंभर टक्के. 'नाही' म्हणायला एकदाच डोकं लागतं, 'थोडंसं' म्हणायला रोज लागतं. किती थोडं, आज की उद्या, कालचं धरायचं का, हा हिशेब दिवसभर चालू राहतो. शिवाय मोकळं जेवण ठेवलं की मन आठवडाभर त्याच्याभोवती घुटमळतं. सिगारेट सोडणाऱ्याला आपण 'आठवड्याला तीन ओढ' असं सांगतो का?

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण 'आयुष्य एकदाच मिळतं' हा मुद्दा कृपया नको.

शेंगदाणा

शेंगदाणा कडधान्यात मोडतो, त्यामुळे मी तुमच्या यादीतून जन्मतःच बाद. तरी बोलतो.

सिगारेटचा दाखला लागू पडत नाही. सिगारेट न ओढता माणूस जगतो, न जेवता नाही. तुम्हाला दिवसातून तीनदा त्याच टेबलावर बसायचं आहे.

आणि 'शंभर टक्के' चा खरा धोका नियम मोडतो त्या क्षणी असतो. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग केला होता. विद्यार्थिनींना चव चाखण्याच्या निमित्ताने बोलावलं, काहींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. एरवी खाण्यावर ताबा न ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिक आहे. वजनाची काळजी करत मोजूनमापून खाणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. आता मोडलंच आहे तर मोडू दे! ज्याचा नियम शंभराचा आहे त्याला नव्याण्णव आणि शून्य सारखेच वाटतात.

गुहेतला पाहुणा

@शेंगदाणा, हा प्रयोग माझ्या बाजूचा आहे हो. घोळ मिल्कशेकपासून सुरू झाला ना? तो प्यायलाच नसता तर पुढचं आइस्क्रीमही गेलं नसतं. पहिला घोट टाळा, एवढंच तर मी म्हणतोय.

शेंगदाणा

त्यांनी तो मागितला नव्हता, हातात दिला गेला होता. तुमच्याही हातात कोणीतरी देणारच आहे. त्यानंतर काय करायचं, याचं उत्तर तुमच्या नियमात नाही.

निळी छत्री

हातात देणारे आमच्या ऑफिसात भरपूर आहेत. दुपारी चारच्या सुमारास कोणीतरी 'दोन मिनिटं या' म्हणतं. गेलं की मेणबत्ती विझलेली असते आणि कागदी बशीत केकचा चौकोन पुढे येतो. एका बाजूला क्रीमचं फूल, ते नेमकं बशीला चिकटलेलं, प्लास्टिकचा चमचा वाकेल पण फूल सुटणार नाही. नको म्हटलं की सगळे वाढदिवसवालीला सोडून माझ्याकडे वळतात. का नको? डायबिटीस आहे का? एवढ्याने काय होतंय? आमचा एक सहकारी तुमच्यासारखा कडक आहे, तो दर वेळी पाच मिनिटं आदिमानव समजावून सांगतो आणि तोवर सगळ्यांचा केक खाऊन संपतो.

मी दोन चमचे खाते, बशी टेबलावर ठेवते, कामाला लागते. रात्री पुन्हा मासे-भाजी. यात काय बुडालं?

गुहेतला पाहुणा

बुडालं काहीच नाही, जर वाढदिवस महिन्यातून एकदा असेल तर. ऑफिसात चाळीस माणसं असली की गणित बदलतं. आणि तुम्हाला दोन चमच्यांवर थांबता येतं हे तुमचं भाग्य. सगळ्यांना ती देणगी नसते. ज्यांना नसते त्यांच्यासाठीच मी लिहिलंय.

निळी छत्री

हे वाक्य मूळ लेखात असतं तर मी लिहिलंच नसतं. तिथं 'एकदा ठरवलं की शंभर टक्के' आहे, सरसकट सगळ्यांसाठी.

उत्खनन

मला वेगळाच प्रश्न आहे. शंभर टक्के म्हणजे नेमकं कशाचे शंभर टक्के?

जॉर्डनमध्ये शुबायका इथं सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे जळालेल्या पावाचे कण सापडलेत. शेती सुरू व्हायच्या हजारो वर्षं आधीचे, म्हणजे शिकार करून, वेचून खाणाऱ्या माणसांनी केलेला पाव. त्याही मागे, इटलीत बिलांचिनो इथं सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या दगडांवर पाणवनस्पतींचं पीठ दळल्याच्या खुणा आहेत. टांझानियातले शिकार करून, वेचून खाणारे हाड्झा लोक आजही मधासाठी झाडावर चढतात आणि तो पोटभर खातात. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर स्टाफान लिंडेबर्ग यांनी तपासलेले लोक कंद, फळं, नारळ आणि मासे खायचे. त्यांच्या जेवणात कर्बोदकं भरपूर आणि हृदयविकार जवळजवळ नाहीच.

उलट तुमच्या यादीतला बदाम घ्या. जंगली बदाम कडू आणि विषारी असतो, गोड बदाम शेतकऱ्यांनी निवडून निवडून तयार केला. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली तिन्ही एकाच वनस्पतीच्या मशागत केलेल्या जाती. आदिमानवाने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. यादीच ढोबळ असेल तर ती दशांश चिन्हापर्यंत पाळण्यात काय हशील?

गुहेतला पाहुणा

कोणी भाला घेऊन निघालेलं नाही. यादी ढोबळ आहे हे मान्य. तिचा उपयोग असा की तिच्यात बिस्किटं, सोडा, मैदा, साखर आपोआप गळतात. त्यासाठी १४,००० वर्षांपूर्वी कोण काय भाजत होतं याने मला फरक पडत नाही. नियम वापरायला सोपा आहे म्हणून मी पाळतो, पूर्वजांच्या आज्ञेखातर नाही.

उत्खनन

मग तो पॅलिओ राहिला नाही, 'जंक फूड बंद' झालं. त्याला माझी कधीच हरकत नव्हती.

लेबलवाचक

कडकपणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा फ्रिजमधली सॉसेजची पाकिटं उलटून बघावीत. दर्शनी बाजूला 'मांस' मोठ्या अक्षरात. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत स्टार्च, डेक्स्ट्रोज, सोया प्रथिनं. म्हणजे धान्य किंवा कंदाचं पीठ, साखर आणि कडधान्य, तिन्ही हजर. तयार सॅलड ड्रेसिंगचं तेच. सोया सॉसमध्ये तर बहुतेकदा गहूच असतो.

दुसऱ्या बाजूने, बदामाचं पीठ, खजूर, मध आणि खोबरेल तेल घालून केलेला 'पॅलिओ ब्राउनी' नियमात शंभर टक्के बसतो. दिवसाला चार खाल्ल्या तरी नियम मोडला नाही. आणि वाटीभर शिजवलेली मसूर खाल्ली की मोडला. मला हा हिशेब समजत नाही, कोणी समजावून सांगितला तर आभारी राहीन.

शेंगदाणा

+१. मसूर माझी चुलत बहीण.

चिकित्सक

वर सगळे किती टक्के यावर भांडतायत, कशासाठी याबद्दल कोणी विचारत नाहीये. कडकपणा कारणावर ठरतो.

सिलिअ‍ॅक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणं, असेल तर तडजोड नाही. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर अशा रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली आहे, आणि ब्रेडच्या एका साध्या तुकड्यात ग्लूटेन ग्रॅमच्या हिशेबात असतं. तिथं दोन चमचे केकसुद्धा नको. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो, शंका असेल तर तपासणी आधी करा आणि गहू मग सोडा. महिनोन्‌महिने गहू बंद ठेवून तपासणीला गेलात तर आजार असूनही ती स्वच्छ येऊ शकते.

दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी. लॅक्टोज ही दुधातली साखर न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण कपभर दुधातलं लॅक्टोज चालतं. त्यांनी चहातल्या दुधाचा धसका घ्यायचं कारण नाही.

तिसरा गट म्हणजे पोट बिघडतं पण कशाने ते माहीत नाही. त्यांनी काही आठवडे खरोखर कडक राहावं, कारण अधूनमधून खात राहिलं तर काय सोसत नाही ते कळणारच नाही. मात्र त्याला शेवटची तारीख हवी. तारीख नसेल तर तो शोध राहत नाही, नुसतीच बंदी होते.

वजन उतरवायचं असेल आणि बाकी प्रकृती ठणठणीत असेल, तर शंभर टक्क्यांचा आग्रह मला वैद्यकीयदृष्ट्या निराधार वाटतो.

आकडेमोड

वजनाचा विषय निघालाच आहे तर स्वीडनमधल्या उमिओचा अभ्यास पाहा. २०१४ साली प्रसिद्ध झाला. रजोनिवृत्ती झालेल्या ७० लठ्ठ स्त्रिया, अर्ध्या पॅलिओवर, अर्ध्या तिथल्या सरकारी शिफारशींच्या आहारावर, तब्बल दोन वर्षं. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी स्पष्टपणे जास्त उतरली होती. दोन वर्षांनी मात्र दोन गटांतला तो फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, तेवढं शेवटपर्यंत पॅलिओ गटात कमी राहिलं. प्रथिनं ३० टक्के ठेवायचं ठरलं होतं, ते काही साधलं नाही. आहारतज्ज्ञ पाठीशी असताना ही कथा.

२००५ मध्ये जामा नियतकालिकात आलेला डान्सिंगर यांचा अभ्यासही बोलका आहे. १६० माणसं, चार वेगवेगळे प्रसिद्ध आहार, एक वर्ष. किती वजन उतरलं याचा संबंध कोणता आहार यापेक्षा तो किती पाळला याच्याशी जास्त होता.

गुहेतला पाहुणा

बघा! 'किती पाळला'. म्हणजे कडक पाळला तर जास्त फळ. तुम्ही सगळे मला दारूगोळा पुरवताय.

आकडेमोड

थांबा. पाळणं जसजसे महिने सरले तसतसं ढिलं होत गेलं, सगळ्याच गटांत, आणि जास्त टोकाच्या आहारांत मधेच सोडणारे जास्त निघाले. जो आहार वर्षभर पाळता येतो तो निवडा, असं मी त्यातून घेतो. तुम्ही तुमच्या सोयीचं घ्या.

निळी छत्री

सवयींवरचाही एक अभ्यास आहे, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

गुहेतला पाहुणा

त्यात सवय लावायची होती, जेवणासोबत फळ खाणं वगैरे. सोडायची नव्हती. फळ खायला विसरणं आणि केक समोर असताना न खाणं, दोन्ही एकाच तागडीत कसे घालता?

निळी छत्री

हा मुद्दा मान्य. पण मग १९७५ चा मिल्कशेकही तुमच्या बाजूला ओढू नका, ती तर एका बैठकीची गोष्ट होती.

चिकित्सक

एक राहिलं होतं. कडक पॅलिओमध्ये दूधही जातं आणि बरेच जण मीठही सोडतात, त्यामुळे आयोडीनचे दोन नेहमीचे मार्ग एकदम बंद होतात. वर दिलेल्या स्वीडिश प्रयोगातच पॅलिओ गटाच्या लघवीतलं आयोडीन घटलेलं आढळलं. मासे नियमित खात असाल तर बरं, नाहीतर आयोडीनयुक्त मीठ सोडू नका. कॅल्शियमसाठी काट्यासकट खाता येणारे छोटे मासे आणि हिरव्या पालेभाज्या लागतील. गरोदर स्त्रियांनी आणि मुलांनी हे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नयेत.

गुहेतला पाहुणा

सगळे प्रतिसाद वाचले. चिकित्सकांची विभागणी पटली, शेवटच्या तारखेसकट. मिठाची नोंद घेतली. मसूर विरुद्ध ब्राउनी याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि लेबलवाचकांनी तो टोला मुद्दाम राखून ठेवला होता असा संशय आहे.

पण 'ऐन वेळी बघू' ला माझा विरोध कायम. मोकळं जेवण ठेवायचंच तर आठवड्याच्या सुरुवातीला ठरवा, कोणतं आणि कुठे. ताट पुढे आल्यावर घेतलेला निर्णय ताटाचा असतो, तुमचा नसतो.

निळी छत्री

आमच्याकडे केक आगाऊ सूचना देऊन येत नाही. त्यामुळे माझा नियम जागेचा आहे, वाराचा नाही. विकत घेऊन घरी आणायचं नाही, बाहेर कोणी दिलं तर दोन चमचे. मला तो झेपतो. तुम्हाला वाराचा झेपत असेल तर तुमचा ठेवा.

शेंगदाणा

@चिकित्सक, समजा मी शेवटच्या तारखेपर्यंत कडक राहिलो. दुसऱ्या दिवशी काय? सगळं एकदम सुरू?

चिकित्सक

मुळीच नाही, बहुतेकांचा घोळ तिथंच होतो. एका वेळी एकच गट आणा. आधी कडधान्यं, मग दूध, मग गहू, असा काहीही क्रम चालेल. एक दिवस ते नीट दोन-तीनदा खायचं, नुसतं चाखायचं नाही. मग दोन-तीन दिवस पुन्हा बंद आणि पोट, झोप, त्वचा, डोकेदुखी यांची नोंद ठेवायची, कारण काही त्रास दुसऱ्या दिवशी वर येतात. पिझ्झाने सुरुवात करू नका. त्यात गहू, चीज, साखर सगळं एकत्र असतं, पोट बिघडलं तर नाव कोणाचं घेणार?

शेंगदाणा

मग कडधान्यांपासूनच सुरू करतो. घरचा माणूस आधी.