बाराखडी तोंडपाठ, पण वाचताना अंदाज लावते. रोजच्या २० मिनिटांत काय घेऊ?

प्रश्न
दुसरीतल्या एका मुलीला रोज २० मिनिटं एकटीला वाचायला घेऊन बसते. बाराखडी घडाघडा म्हणते, पण पुस्तकात ‘पाणी’ आलं की चित्राकडे बघून ‘नदी’ म्हणते. ‘किती’ आलं की पहिल्या वेलांटीपाशीच अडते. तीन आठवडे झाले. परवा पुस्तक मिटून म्हणाली, “मला येतच नाही.” फार लागलं मनाला. माझं कुठे चुकतंय?

उत्तर १
ताई, बाराखडी ती चालीवर म्हणत असेल. मधलंच ‘कू’ नाहीतर ‘मे’ दाखवून बघा, लगेच कळेल. आणि पहिल्या वेलांटीवर मुलं अडतातच! ती लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. मी पुठ्ठ्याच्या पट्टीने शब्द झाकते आणि थोडाथोडा उघडते, पण ‘कि’ अख्खा एकदम; नुसती वेलांटी कधीच दाखवत नाही. आठवडाभर ‘कि’, ‘मि’, ‘पि’ एवढंच घेतलं तरी चालेल. चित्र आधी झाका, वाक्य वाचून झालं की दाखवा. मग तेच चित्र बक्षिसासारखं वाटतं.

उत्तर २
पुस्तक जड जात नाही ना, तेही बघा. १०० शब्दांचा उतारा वाचायला द्या आणि मध्ये न टोकता चुका टिपा. दहाच्या वर गेल्या तर सोपं पुस्तक घ्या. रोज अर्धा तास एकेका मुलाला शिकवण्याची पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी बसवली, त्यातला हा ठोकताळा. चुका टिपायची सवय मी तिथूनच उचलली. मात्र चित्रावरून, संदर्भावरून शब्द ओळखायला लावणं मी सोडून दिलं. त्यावर अभ्यासकांनी बरीच टीका केली आहे आणि तुमच्या मुलीची अडचण नेमकी तीच आहे.

प्रश्नकर्ती
मोजलं. १७ चुका! पुस्तक बदललं. आज चित्र झाकलं तर आधी माझ्याच तोंडाकडे बघत बसली. मी गप्प राहिले. मग बोट ठेवून “पा... णी,” आणि एकदम “पाणी!” तोच शब्द पुढच्या पानावर स्वतःहून शोधला. जोडाक्षरं कधी घेऊ?

उत्तर १
इतक्यात नको. दोन्ही वेलांट्या आणि उकार न अडखळता येऊ देत, मग ‘पक्का’, ‘कच्चा’पासून सुरू करा. आणि आज गप्प राहिलात, तेवढंच उद्याही राहा.