टाळेबंदीत मार खाल्लेल्या बाईनेच घर का सोडायचं?

खाडीकाठ
एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेने जाहीर केलं होतं, की बायकोला मारणाऱ्याला उचलून संस्थात्मक विलगीकरणात ठेवू. लोक हसले. मला ते आजही पटतं. आपल्या कोकणात तर वाडीवाडीतल्या शाळा चाकरमान्यांसाठी उघडल्याच होत्या, त्यात आणखी एक सतरंजी.

उलट बाईलाच विचारलं जातं, माहेरी का नाही गेलीस? एसटी बंद, आणि गावाच्या वेशीवर आपणच आडवी टाकलेली झाडं. दापोलीकडची ओळखीची एक जण पोरांना घेऊन चालत माहेरी पोचली, तर ग्राम कृती दलाने तिलाच शाळेत बसवलं. मुदत संपायच्या आत नवरा आला, "घरीच विलगीकरण करतो" म्हणून घेऊन गेला.

माडाची_वाडी
ताई, विलगीकरण रोगासाठी असतं, शिक्षेसाठी नाही. आज नवऱ्याला डांबलं, उद्या सरपंचाशी भांडणाऱ्याला डांबतील. आणि तेव्हा पुरुषांचं काय चाललं होतं तेही बघा. मुंबईची नोकरी गेलेली, खोलीचं भाडं थकलेलं, होड्या किनाऱ्याला, आंब्याला गिऱ्हाईक नाही. डोकं फिरतं माणसाचं. समर्थन करत नाही, कारण सांगतोय. पोलीस आणले की संसार मोडतो. पोलीस पाटील, तंटामुक्ती समिती कशासाठी आहेत?

हर्णैवाली
हर्णै बंदरातला लिलाव थांबला तेव्हा पाट्या बायकांच्याच रिकाम्या झाल्या. मासळी विकलेले पैसे कनवटीला असतात, तोवर घरात शब्दाला वजन. ते गेल्यावर डोकं तिचंही फिरलं असेल की. तिने कुणाला बडवलं? आणि दारूची दुकानं मेच्या सुरुवातीपर्यंत बंद होती, हे सांगायला येऊ नका. काजूच्या बोंडांची दारू गाळायचा हंगाम नेमका तोच. हातभट्टीला पास लागत नव्हता.

सरळ_हिशोब
या विषयात "दुप्पट" हा शब्द फार फेकला जातो. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० मध्ये घरगुती हिंसेच्या २३९ तक्रारी आल्या, त्याआधीच्या २५ दिवसांत १२३. हे अख्ख्या देशाचे आकडे. त्यावरून कोकणात काय वाढलं ते कसं कळणार?

खाडीकाठ
एवढ्या मोठ्या देशात २३९? हा मारहाणीचा आकडाच नाही, ज्यांच्या हाती फोन लागला त्यांचा आहे. आयोगाने १० एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला, पण घरात स्मार्टफोन एकच आणि तो त्याच्या खिशात. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, मंडणगड-दापोलीत वीज गेली, फोनला रेंज नाही. मदतीचा नंबर लावायचा कुठून?

आणि डोकं फिरण्याचं म्हणाल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याच्या हिंसेबद्दल सांगितलं. आपल्या राज्यात ते सर्वेक्षण झालं २०१९ मध्ये. नोकऱ्या होत्या, होड्या पाण्यात होत्या.

आशाताई_राजापूर
सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या फेरीत आम्ही घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत होतो. एका घरी बोटाला ऑक्सिमीटर लावताना मनगटावर बोटांचे वळ दिसले. नवरा उंबऱ्यातच उभा. काय झालं विचारलं तर उत्तर त्यानेच दिलं, "विहिरीवर घसरली." मधुमेह, रक्तदाब विचारायचे होते, हे कुठे लिहू?
दादा, तिथला पोलीस पाटील तिचा चुलतदीर. ती गाऱ्हाणं घेऊन त्याच्याकडे जाईल होय?

माडाची_वाडी
सगळीकडे चुलतदीर नसतो.

सरळ_हिशोब
आमच्याकडे असतो. अर्धी वाडी एकाच आडनावाची.

काळाकोट_चिपळूण
विलगीकरणाबद्दल माडाची_वाडी बरोबर आहेत, साथीचा नियम त्यासाठी नाही. पण त्याची गरजही नव्हती. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, कलम १९ वाचा. नवऱ्याने घराबाहेर राहावं असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, फौजदारी गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं नाही.

माडाची_वाडी
घर त्याच्या बापाचं असलं तर? आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, खाली चुलत्यांची रांग.

काळाकोट_चिपळूण
१५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हेच सोडवलं. सून संसार करत राहिली असेल तर सासऱ्याच्या नावचं घरसुद्धा तिचं 'सामाईक घर' ठरू शकतं. २००६ चा उलटा निकाल त्यांनी चूक ठरवला. मालकी मिळत नाही, राहायचा हक्क मिळतो.

माडाची_वाडी
निकाल दिल्लीत. नवरा बाहेर गेला तरी सासू-सासरे आतच. ते तिला चुलीला हात लावू देतील?

खाडीकाठ
नाही देणार, खरं आहे. मग तंटामुक्तीवाल्यांनी तिथे जाऊन बसावं. आतापर्यंत त्यांनी समजूत काढली ती तिचीच.