बोटीचा ट्रेलर ओढायला फोर बाय फोर खरंच लागते का?

पौडरोडकर

मुक्काम कोथरूड. फायबरची बोट, मागे ४० एचपीचं इंजिन, एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर. सगळं मिळून वजनकाट्यावर ९०० किलो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. नेहमीचा रस्ता पौड–कोळवण–तिकोना पेठ असा पवनेच्या काठापर्यंत, आणि वर्षातून एखाद-दोनदा ताम्हिणी उतरून कोकण. पवनेला खाजगी जागेत काँक्रीटचा रॅम्प आहे, उतार साधारण सातास एक. परवानग्या आणि कागद जागामालकाकडे आहेत, प्रश्न फक्त गाडीचा आहे.

स्कॉर्पिओ-एन डिझेल घ्यायची म्हणतोय. टू व्हील (दोनच चाकं ओढणारी) आणि फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) यांच्या किमतीत लाखांचा फरक आहे. काही जण म्हणतात ट्रेलर म्हटला की फोर बाय फोरच, काही म्हणतात निव्वळ हौस. हिशोबाने सांगणारं कुणी आहे का? इनोव्हा क्रिस्टाही डोक्यात आहे.

काठावरचा

हिशोबच करू. पौड रस्ता आणि ताम्हिणी आधी बाजूला ठेवा. कोरड्या किंवा नुसत्या ओल्या डांबरावर ९०० किलोला मागच्या चाकांची गाडी पुरते. निर्णय होतो तो रॅम्पच्या शेवटच्या वीस फुटांवर.

गाडी माणसं-सामानासह २,२०० किलो धरू, पुढे १,००० आणि मागे १,२००. हुकावर ट्रेलरचा भार ९० किलो. हूक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्याने हे ९० किलो मागच्या चाकांवर सव्वाशेच्या आसपास होऊन बसतात आणि पुढची चाकं पस्तीसेक किलोने हलकी होतात. गाडी चढाला नाक वर करून उभी असते, त्यामुळे आणखी शंभरेक किलो मागे सरकतात. म्हणजे रॅम्पवर मागे सुमारे १,४०० आणि पुढे ८६०.

सातास एक चढावर ३,१०० किलो ओढायला सुमारे ४४० किलोचा जोर लागतो. चाकं फिरण्याचा विरोध धरून ४८५ म्हणू. बोट पाण्यात असेपर्यंत पाणीच ती उचलून धरतं, म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही. तळ पाण्याबाहेर आला की पूर्ण वजन पडतं आणि चाकं नेमकी तिथेच घसरतात.

मागच्या चाकांच्या गाडीला ४८५ भागिले १,४००, म्हणजे ०.३५ एवढी पकड लागते (पकड म्हणजे चाकांवरच्या वजनाच्या किती पट जोर घसरल्याशिवाय लावता येतो). कोरडं काँक्रीट ०.७ देतं, ओलं पण स्वच्छ काँक्रीट ०.५ च्या आसपास. दोन्हीवर काम होतं. शेवाळलेलं काँक्रीट मात्र ०.२ वर येतं. मग हातात जोर उरतो २८० किलोचा आणि गाडी जागेवर चाकं फिरवत बसते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शेवाळ आणखी घोटलं जातं आणि ट्रेलर गाडीला मागे ओढू लागतो.

फोर बाय फोरमध्ये फरक कुठे पडतो ते बघा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा पावणेतीन मीटर वर असतात आणि शेवाळाच्या पट्ट्यात सहसा येत नाहीत. त्यांना ०.६ मिळाला तर ८६० किलोवर ५१५ चा जोर. मागच्यांचे २८० धरले तर जवळजवळ ८००. गाडी शांतपणे वर येते.

आता खर्च वाचवायचा मार्ग. मागची चाकं शेवाळात जाऊच दिली नाहीत तर फोर बाय फोरचं कारणच संपतं. ट्रेलरचा दांडा दीड मीटरने लांबवता येतो. बाहेरच्या चौकोनी पाइपात बरोबर बसणारा आतला पाइप सरकवायचा आणि दोन जाड पिना घालायच्या. रस्त्यावर आत, रॅम्पवर बाहेर. दोन पाइप किमान ४५ सेंटिमीटर एकमेकांत राहिले पाहिजेत, नाहीतर सांध्यात वाकतो. दुसरं, पाणी खाली सरकलं की उघडा पडलेला पट्टा वाळायच्या आत खराट्याने आणि भरड वाळूने घासून काढा. जागामालकाशी बोलून रॅम्पच्या तळाला आडव्या खाचा पाडून घेता आल्या तर फारच उत्तम.

समोरची चाकं ओढणारी गाडी मात्र घेऊ नका. तिला हेच काम करायला ०.५६ पकड लागते, कारण वजन मागे आणि ओढ पुढे. इनोव्हा हायक्रॉस त्यातच येते. क्रिस्टा मागच्या चाकांची आहे, म्हणून ती चालेल.

ग्रीसगन

वरचं गणित बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली: क्लच. मॅन्युअल टू व्हील गाडीत पकड असली तरी ३,१०० किलो चढावर उभ्यातून उचलताना पहिल्या गिअरमध्येसुद्धा क्लच बराच वेळ अर्धवट दाबून धरावा लागतो. तेवढ्यात वास येतो. चार-पाचदा असं झालं की प्लेट चकचकीत होते आणि पुढे घाटातही सरकायला लागते. ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतला) लो गिअर चाकांवरचा जोर साधारण अडीचपट करतो. क्लच पूर्ण सोडून, आयडलवर, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी वर येते. माझ्या मते ट्रेलरवाल्याला फोर बाय फोरचा खरा फायदा लो गिअरमध्येच आहे, म्हणून लो नसलेली ऑल व्हील ड्राइव्ह या कामाला अर्धीच मदत करते. टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लच प्लेटऐवजी तेलातून जोर देणारी) ऑटोमॅटिक घेतलीत तर क्लचचा प्रश्न उरत नाही आणि टू व्हीलची बाजू भक्कम होते.

घेतलीच फोर बाय फोर, तर हे पाळा. स्कॉर्पिओ-एन, थार, व्ही-क्रॉस, हायलक्स या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये थेट जोडला जातो, मध्ये डिफरेन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर चाक घसरून हा फरक सोडवू शकत नाही, सगळा ताण शाफ्ट, चेन आणि जॉइंटवर जातो. स्टीअरिंग जड होणं, वळताना गाडी अडखळणं, टू व्हीलला परत टाकताना अडकणं ही त्याची लक्षणं. अडकलंच तर सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्या, सुटेल. म्हणून रॅम्पवर गाडी सरळ लावा, मगच लो टाका, आणि वर सपाटीला आल्यावर वळण्याआधी काढा. स्टीअरिंग पूर्ण तोडून लोमध्ये ट्रेलर वळवायचा नाही.

महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर व्हीलमध्ये चालवा. वापरच नसेल तर पुढच्या डिफचं (पुढच्या दोन चाकांमधल्या डिफरेन्शियलचं) तेल वर फिरत नाही, सील वाळतात आणि ऐन वेळी लागत नाही.

हुकावरचं वजन

मंडळी, ट्रेलरला ब्रेक नाहीत हे वाचून सगळे पुढे गेलात? माझ्या दृष्टीने पहिला खर्च तिथे आहे. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. तुमचा ९०० चा आहे. २,२०० किलोसाठी बनवलेल्या ब्रेकवर तुम्ही चाळीस टक्के जास्त वजन टाकून ताम्हिणी उतरणार. फोर बाय फोरने थांबण्याचं अंतर एका फुटानेही कमी होत नाही. चारही चाकांना ब्रेक टू व्हीललाही असतातच.

ओव्हररन ब्रेक बसवा. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंगमधला दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ड्रम लागतात. सोबत सुटीची केबल हवीच: हूक निसटला तर ती ताणली जाऊन ब्रेक लावते. ती हुकाच्या गोळ्याला नाही, गाडीच्या बाजूला पक्क्या कडीत अडकवा. सेफ्टी चेन दोन, हुकाखालून एकमेकींना ओलांडून.

हुकावरचा भारही मोजा, अंदाजाने नको. घरातला वजनकाटा, त्यावर हुकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा, त्यावर कपलिंग, ट्रेलर सपाटीवर. ९०० ला ९० किलोच्या आसपास यायला हवं. ५० च्या खाली असेल तर उतारावर वेग वाढताच ट्रेलर डोलायला लागतो. बोट पुढे सरकवा किंवा अ‍ॅक्सल मागे घ्या. मागच्या इंजिनाचं वजन आणि भरलेली पेट्रोलची टाकी दोन्ही शेपटीकडे असतात, म्हणून बोटींत ही चूक हमखास होते.

ताम्हिणीत उतरताना दुसरा-तिसरा गिअर आणि इंजिनाचा ब्रेक. फोर हाय (चारही चाकं, पण लो गिअर नाही) ओल्या डांबरावर लावायचा मोह टाळा, पावसात भिजलेल्या रस्त्यालाही शाफ्टवर ताण येण्याएवढी पकड असते.

जाता जाता: पवनेला पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. हब तापलेले असतात, गार पाण्यात एकदम थंड झाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. अर्धा तास थांबा, तोवर लाइटचा प्लग काढा, पट्टे सोडा.

पौडरोडकर

भरपूर मिळालं, आभार. ब्रेकचं काम आधी करून घेतो. एक सांगायचं राहिलं होतं. एप्रिल-मे महिन्यात पाणी रॅम्पच्या खाली जातं. मग गाळाच्या काठावरून उतरवावी लागते, उतार बारास एक असेल. तिथे काय?

काठावरचा

मग उत्तर बदलतं. बारास एक चढाला सुमारे २६० किलो, पण गाळात चाकं रुतण्याचा विरोध वजनाच्या दहा टक्के धरला तर आणखी ३१०. एकूण ५७०. गाळात पकड ०.३ मिळाली तर टू व्हीलकडे जेमतेम ४१५, फोर बाय फोरकडे ६८० च्या आत-बाहेर. म्हणजे टू व्हील अडकणार हे नक्की, आणि फोर बाय फोर निघेल पण हातचं फार राखून नाही. गाळ जरा खोल असेल, विरोध पंधरा टक्क्यांवर गेला, की तीही बसली. पोटाला गाळ लागल्यावर किती चाकं फिरतात याला अर्थ राहत नाही.

टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, पकड आणि तरंगणं दोन्ही वाढतं. ट्रेलरच्या टायरचीही थोडी कमी करा, रुततो तो आधी. रस्त्यावर यायच्या आत परत भरायची, म्हणून पंप सोबत हवा. हायवेचे टायर असतील तर खाचा गाळाने भरून पहिल्या दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतात.

ग्रीसगन

आणि एक चाक हवेत किंवा पातळ गाळात असेल तर साध्या डिफमध्ये सगळा जोर तिकडे पळतो. मागचं लॉकिंग डिफ (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) हवंच. कुठल्या व्हेरियंटला ते आहे हे शोरूममध्ये लेखी विचारा, फोर बाय फोरचा बिल्ला म्हणजे लॉक असतोच असं नाही.

हुकावरचं वजन

उन्हाळ्यातल्या मोजक्या फेऱ्यांसाठी गावातला ट्रॅक्टर बोलवा. मोठी, खोल खाचांची चाकं, भरपूर वजन मागच्या अ‍ॅक्सलवर, लो गिअर. तुमची गाडी वर कोरड्यावर उभी राहते. ट्रॅक्टरला ५० मिलिमीटरचा गोळा नसतो, म्हणून त्याच्या पट्टीच्या भोकात बसणारा, खाली नट असलेला गोळा करून सोबत ठेवा. दोरीने ओढायची झाली तर ताणली जाणारी नायलॉन नको, तुटली तर उलटी येते. न ताणणारा पट्टा घ्या, मध्यावर भिजलेलं पोतं टाका, आणि त्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका.

काठावरचा

तेव्हा पौडरोडकर, मे महिन्यातल्या फेऱ्या किती ते ठरवा. दोन-तीनच असतील तर टू व्हील ऑटोमॅटिक, लांब होणारा दांडा, ट्रेलरचे ब्रेक आणि ट्रॅक्टर. उरलेले पैसे टायरमध्ये घाला. उन्हाळाभर दर आठवड्याला जाणार असाल तर लो गिअर आणि मागचं लॉक असलेली फोर बाय फोर घ्या, तिथे काटकसर नको. दोन्हींत एक लक्षात ठेवा: फोर बाय फोरचं स्वतःचंच वजन शंभरेक किलोने जास्त असतं, तेवढं सामान कमी भरता येतं. ट्रेलर ओढायची मर्यादा मॅन्युअलमध्ये काय दिली आहे ते गाडी बुक करण्याआधी वाचा. आणि ट्रेलरही कायद्याने मोटार वाहनच आहे, त्याची आरटीओ नोंदणी आणि नंबर प्लेट वेगळी लागते. ती नसेल तर कोकणात जाताना पहिल्या नाक्यावरच अडकाल.

पौडरोडकर

मेच्या फेऱ्या दोनच. टू व्हील ऑटोमॅटिक. दांड्यासाठी बाहेरचा पाइप ७५ चा आणि आतला ६५ चा चालेल का, भिंत ५ मिलिमीटर?

ग्रीसगन

नाही, तो जाणारच नाही, आतली जागा बरोबर ६५ ची उरते. बाहेरचा ७५ चा, भिंत ४ ची घ्या, म्हणजे आत ६७ मिळतात. आतला ६५ चा, त्याची भिंत ५ किंवा ६ ची, कारण लांब केल्यावर वाकण्याचा ताण त्यावरच येतो. बाहेरच्या पाइपाच्या आतली वेल्डची शिवण घासून काढा. पिना १६ मिलिमीटरच्या, हाय टेन्साइल, दोघींत ३० सेंटिमीटर अंतर. भोकं दोन्ही पाइप एकत्र धरून एकाच वेळी पाडा.